श्रीजगन्नाथाचा दरसालचा नवा रथ

आषाढ लागला कीं महाराष्ट्रांतील घराघरांतून पंढरीचे वारे वाहूं लागतात. आळंदीहून व देहूहून पालख्या निघालेल्या असतात. घरांतील वडील मंडळी ‘आज माउलींचा मुक्काम कोठें?’ म्हणून रोज विचारतात. आणि शुद्ध एकादशीस घरची चूलही फराळापुरतीच पेटते. याच महिन्यांत, याच पंधरवड्यांत, भारतवर्षाच्या पूर्व किनाऱ्यावर दुसरा एक महोत्सव चाललेला असतो. ओडिशांतील पुरी क्षेत्रीं आषाढ शुद्ध द्वितीयेस श्रीजगन्नाथ, बलभद्र व सुभद्रा हीं भावंडें सुदर्शनासह तीन रथांत बसून मंदिराबाहेर पडतात. सुमारे तीन किलोमीटरांवरील गुंडिचा मंदिरांत जाऊन राहतात. दशमीस परत फिरतात. आणि ज्या एकादशीस पंढरपुरीं वारकऱ्यांची दाटी होते त्याच एकादशीस सिंहद्वारापुढें रथांतच बसून सुवर्णालंकारांनीं मंडित अशा वेषांत लोकांस दर्शन देतात. आपल्या वारींत भक्त देवाकडे चालत जातात. पुरीस देव भक्तांकडे येतो. ज्यांना एरव्हीं मंदिराचा उंबरठा ओलांडतां येत नाहीं त्यांनाही या दिवसांत त्याचें मुख दिसतें.

या यात्रेचीं वर्णनें पुष्कळ झालेलीं आहेत. दोरांस झोंबणारे सहस्रावधि हात, झांजांचा व शंखांचा नाद, रस्त्यावर उसळणारा जनसागर हीं दृश्यें आतां दूरचित्रवाणीवर घरबसल्याही पाहावयास मिळतात. आम्हांस या लेखांत वाचकांचें लक्ष त्या गर्दींतून काढून एका साध्या गोष्टीकडे न्यावयाचें आहे. ती गोष्ट अशी कीं, हे तीनही रथ दरवर्षीं अगदीं नव्यानें घडवितात आणि यात्रा संपतांच मोडून टाकतात. दक्षिणेंत पुष्कळ देवळांचे रथ पिढ्यान्‌पिढ्या तेच असतात; तिरुवारूरचा प्रचंड रथ ठेवणीचा आहे व उत्सवास तोच बाहेर निघतो. मग पुरीच्याच लोकांनीं प्रतिवर्षीं एवढें लांकूड तोडावें, एवढे कारागीर दोन महिने राबवावे, आणि थोड्या दिवसांच्या प्रवासानंतर तें सारें उकलून टाकावें, हा अपव्यय नव्हे काय? व्यवहारी माणसाच्या मनांत ही शंका प्रथम येते, आणि ती रास्त आहे. तिचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे विद्या कशानें टिकते आणि कशानें लोपते या प्रश्नाशीं आपण येऊन ठेपतों.

या कामाचें वेळापत्रक पंचांगांत बांधलेलें आहे. माघ शुद्ध पंचमीस, म्हणजे वसंतपंचमीस, रथाच्या लांकडांची पूजा होते. रामनवमीस करवत लागते. अक्षय्य तृतीयेस देवांच्या आज्ञामाळा मिरवीत आणतात, आणि मग राजवाड्यापुढील मोकळ्या जागेंत रथबांधणीस विधिपूर्वक आरंभ होतो. या जागेस तेथें ‘रथखळा’ म्हणतात. आपल्या ‘खळें’ या शब्दाचें नातें त्यांत सहज ओळखूं येतें. लांकूड मुख्यतः नयागड जिल्ह्यांतील दसपल्ला व त्याच्या आसपासच्या अरण्यांतून येतें. पूर्वीं ओंडके महानदीच्या प्रवाहांत सोडून खालीं आणीत. आतां ते मालमोटारींतून येतात. असे साडेआठशेंहून अधिक ओंडके लागतात. फासी, धौरा, आसन हीं झाडांचीं नांवें तेथील सुतारांच्या तोंडीं नित्य असतात. धौरा म्हणजे आपला धावडा, आसन म्हणजे आपला ऐन, आणि फासी हें धावड्याच्याच कुळांतील झाड.

जगन्नाथाच्या रथास नंदिघोष म्हणतात. त्यास सोळा चाकें असून उंची सुमारे ४५ फूट असते, आणि त्याचें आच्छादन तांबड्या व पिवळ्या वस्त्रांचें असतें. बलभद्राचा तालध्वज चौदा चाकांचा, तांबडा व हिरवा. सुभद्रेचा दर्पदलन बारा चाकांचा, तांबडा व काळा. परंपरेच्या गणतीप्रमाणें नंदिघोषास ८३२, तालध्वजास ७६३ व दर्पदलनास ५९३ लांकडें लागतात. म्हणजे बेचाळीस चाकें आणि दोन हजारांवर लहानमोठीं लांकडें हीं सारीं तासून, छिद्रें पाडून, एकमेकांत बसवून, रंगवून, अक्षय्य तृतीयेपासून आषाढ शुद्ध द्वितीयेपर्यंतच्या सुमारे दोन महिन्यांत उभीं करावयाचीं. एक दिवसही पुढें ढकलतां येत नाहीं. कारण तिथि कोणाची वाट पाहत नसते.

हें काम करणारे सुतार ‘महाराणा’ या नांवानें ओळखले जातात. प्रत्येक रथाचा मुख्य महाराणा वेगळा असतो व त्याच्या हाताखालीं त्याची मंडळी असते. लोखंडी खिळे व पट्ट्या घडविणारे ओझा, काष्ठावर मूर्ति व वेलबुट्टी कोरणारे रूपकार, रंग देणारे चित्रकार, आच्छादनें शिवणारे दर्जी, आणि जड ओंडके उचलणारे व पुढें रथ मार्गास लावणारे भोई, अशीं हीं निरनिराळीं कुळें आपापल्या सेवेचा वंशपरंपरागत मान सांभाळून असतात. यांतील ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, रथ बांधतांना कोणी कागदावरील नकाशा पुढें पसरून बसत नाहीं. हाताचें व अंगुळांचें माप दाखविणारी काठी आणि वडिलांजवळ पाहून शिकलेली नजर एवढ्यावर ४५ फुटांचा रथ उभा राहतो, आणि तो दरवर्षीं तसाच उभा राहतो.

आमच्यासारख्या पाठशाळेंत वाढलेल्या माणसास येथें वेदाच्या पाठांतराची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. वेद हजारों वर्षें टिकले ते भूर्जपत्रांवर लिहून ठेवल्यामुळें नव्हे. ज्या घरांत बापानें म्हटलें व मुलानें तें लगेच म्हणून दाखविलें, त्या घरांतून ते टिकले. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ हे सर्व म्हणण्याचे प्रकार आहेत. न म्हणतां नुसतें पोथीस फडक्यांत बांधून ठेवलें तर पोथी राहते व स्वर जातो. रथाचें तेंच आहे. तो ठेवणीचा केला असता, तर पन्नास वर्षांनीं जुना झाल्यावर नवा बांधावयास कोण पुढें आलें असतें? ज्या सुतारांनीं पहिला बांधला ते तोंपर्यंत वारलेले असते, आणि त्यांच्या मुलांनीं आयुष्यांत एकही रथ घडविलेला नसता. दरसाल मोडल्यामुळें दरसाल घडवावा लागतो, आणि दरसाल घडवावा लागतो म्हणूनच पंधरा वर्षांच्या मुलानेंही तो दहा वेळां घडतांना पाहिलेला असतो.

या म्हणण्याची उलट बाजू पाहावयाची असेल तर पुरीपासून सुमारे ३५ किलोमीटरांवर कोणार्कास जावें. तेथेंही रथच आहे. तेराव्या शतकांत गंगवंशीय राजा पहिला नरसिंहदेव यानें सूर्याचें मंदिर रथाच्या आकारांत उभारिलें: चोवीस दगडी चाकें, सात दगडी घोडे, आणि एकेका आऱ्यावर असें कोरीव काम कीं पाहणाऱ्याची नजर ढळूं नये. हा रथ कायमचा टिकावा म्हणून पाषाणाचा केला. परंतु त्याचें मुख्य शिखर ढासळून गेलें. पूजा बंद पडली. उरलेला जगमोहन कोसळूं नये म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्रज सरकारनें त्याच्या आंत वाळू भरून दारें चिणून टाकिलीं. आज जगभरचे प्रवासी तो पाहावयास येतात व त्याची वाखाणणी करितात, आणि ती यथार्थ आहे. पण त्या दगडी चाकास घडविणारे हात कोणाचे होते हें सांगणारें एकही घराणें तेथें त्या सेवेवर उभें नाहीं. लांकडाचा रथ मात्र दरवर्षीं मोडूनही चालतो आहे.

या दोन रथांच्या कथेंत आपल्या लोकांचाही एक दुवा आहे. सन १७५१ पासून १८०३ पर्यंत ओडिशा नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखालीं होता, व जगन्नाथ मंदिराची व्यवस्था त्यांच्याकडे होती. त्याच काळांत कोणार्काच्या ओस पडलेल्या मंदिरापुढील अरुणस्तंभ मराठ्यांनीं पुरीस आणून सिंहद्वारापुढें उभा केला. आज रथ ज्या ठिकाणाहून निघतात तेथेंच तो उभा आहे. सूर्याचा सारथि अरुण आपल्या स्वामीचा थांबलेला रथ सोडून चालत्या रथांच्या दाराशीं येऊन राहिला, असें कोणी म्हटल्यास तें वावगें होणार नाहीं.

सुतारकाम हें या उत्सवाच्या कलांपैकीं केवळ एक अंग झालें. ज्येष्ठ पौर्णिमेस देवांना स्नानवेदीवर आणून १०८ घागरींनीं स्नान घालतात, आणि त्याच दिवशीं त्यांना गजाननाचा वेष देतात. गणपतिभट्ट नांवाच्या एका गणेशभक्तासाठीं देवानें हें रूप घेतलें अशी कथा आहे. स्नानानंतर देव आजारी पडतात! पंधरा दिवस दर्शन बंद. दैतापति नांवाचे सेवेकरी, जे देवाचे आदिम वनवासी आप्त समजले जातात, ते त्यांची शुश्रूषा करितात. औषधी तेलें, दशमुळांचें औषध व फळें यांवर देवांस ठेवितात. या काळास ‘अणसर’ म्हणतात. घरांतील आजाऱ्याचें जसें आपण करितों तसेंच हें सारें चाललेलें असतें, आणि त्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. देवाशीं असें घरगुती नातें जोडलें म्हणूनच त्याची सेवा लोकांच्या हातांत राहिली.

या पंधरा दिवसांत मूर्तींच्या जागीं तीन पट पूजेंत असतात. ते चित्रकारांच्या घराण्यांतून येतात. जुनें सुती कापड चिंचोक्याच्या खळीनें चिकटवून, खडूचा लेप देऊन व घोटून गुळगुळीत करावयाचें. शंखापासून पांढरा, काजळीपासून काळा, हिंगुळापासून तांबडा व हरताळापासून पिवळा रंग काढावयाचा. कवठाच्या डिंकांत तो खलावयाचा. आणि मग त्यावर बलभद्राचें अनंत-वासुदेवाच्या रूपांत, सुभद्रेचें भुवनेश्वरीच्या रूपांत, जगन्नाथाचें अनंत-नारायणाच्या रूपांत चित्र रेखावयाचें. हे पटही दरसाल नवे लागतात. पुरीजवळील रघुराजपुरासारख्या गांवीं घरोघर जी पटचित्रें रंगवितात व जीं आज देशोदेशीं विकलीं जातात, त्यांचें मूळ या देवसेवेंत आहे. बाजारांतील चित्रकार गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणें रंग बदलतो. परंतु अणसरपटाचा आकार व वर्ण वर्षास एकदां तरी ठरल्या रीतीनेंच काढावा लागतो, आणि त्यामुळें हातास मूळ वळण विसरतां येत नाहीं.

द्वितीयेच्या सकाळीं देवांना गर्भगृहांतून रथाकडे आणतात. या आणण्यास ‘पहंडी’ म्हणतात. घंटा, काहाळी व मृदंगांच्या तालावर सेवेकरी त्या जड काष्ठमूर्तींना डोलवीत, झुलवीत, पावलापावलानें पुढें नेतात. मस्तकावर फुलांचा व भेंडाचा पंख्यासारखा प्रचंड मुकुट डोलत असतो. त्या मुकुटास ‘ताहिया’ म्हणतात, आणि तो राघवदास मठांतून तयार होऊन येतो. आपल्याकडे लग्नांत भेंडाचीं बाशिंगें करणारे कारागीर आतां विरळ झाले आहेत. पुरीस मात्र त्या जातीची ही कला दरसाल एका ठराविक सकाळीं लागते, म्हणून ती जिवंत आहे.

देव रथारूढ झाले कीं पुरीचा गजपति राजा पालखींतून येतो, आणि सोन्याच्या मुठीचा झाडू घेऊन तीनही रथ झाडतो व चंदनाचें पाणी शिंपडतो. राज्य गेलें, राजेपणाचा अधिकार गेला. पण झाडूची सेवा गेली नाहीं. मग दोर लागतात. रथावर ‘डाहुक’ नांवाचा सेवेकरी हातांत वेताची छडी घेऊन उभा राहतो व ग्राम्य पदें म्हणून ओढणारांस चेव आणतो. हीं पदें शिमग्याच्या बोलांसारखीं मोकळीं असत, म्हणून गेल्या कांहीं दशकांत त्यांस आवर घातला गेला आहे. मार्गांत सालबेग नांवाच्या, सतराव्या शतकांतील मुसलमान पित्याच्या पोटीं जन्मलेल्या कवीची समाधि आहे. त्याच्या भक्तीचा मान म्हणून जगन्नाथाचा रथ तेथें थांबतो. आपल्याकडील श्रीगोंद्याच्या शेख महंमदांची येथें वाचकांस सहज आठवण होईल. याच रथाविषयीं क्लॉडियस ब्युकॅनन नांवाच्या स्कॉटिश पाद्र्यानें सन १८०६ मध्यें पुरीस येऊन मोठें भयंकर वर्णन लिहिलें, आणि असल्या वर्णनांमुळें ‘जगरनॉट’ हा शब्द इंग्रजींत सर्व कांहीं चिरडून टाकणाऱ्या यंत्राचा वाचक होऊन बसला. ज्या रथाच्या पुढें राजा झाडू घेऊन वांकतो त्याच्या नांवास असा अर्थ चिकटावा, ही शब्दांच्या नशिबाची विचित्र गति होय.

गृहिणींस विशेष गोड वाटेल असा भाग पुढेंच आहे. भावंडें निघून गेलीं, पण लक्ष्मीस मागेंच ठेविलें! पंचमीस ती पालखींत बसून गुंडिचा मंदिरापाशीं येते, आणि रागाच्या भरांत नंदिघोषाचें एक लांकूड मोडून आडवाटेनें परत जाते. यास ‘हेरापंचमी’ म्हणतात. परतीच्या वाटेवर मावशीमाच्या देवळापाशीं जगन्नाथ थांबून ‘पोडपिठा’ नांवाच्या भाजलेल्या पक्वान्नाचा नैवेद्य घेतात. त्रयोदशीस देव मंदिरांत शिरूं लागले कीं लक्ष्मी दार लावून घेते. दाराच्या दोन्ही अंगांस सेवेकऱ्यांचा उत्तर-प्रत्युत्तराचा संवाद होतो, आणि शेवटीं रसगुल्ल्यांच्या भेटीनें समेट होऊन दार उघडतें. हें नाटक म्हटलें तर नाटक आहे. परंतु त्यास रंगभूमि नाहीं, तिकीट नाहीं, आणि पात्रांनीं तें पाहणारांसाठीं केलेलेंही नाहीं.

यात्रा संपली कीं रथ उकलतात. घोडे, सारथि, पार्श्वदेवता असे कांहीं कोरीव भाग राखून ठेवतात. पुष्कळसें लांकूड मंदिराच्या पाकशाळेंत सरपण म्हणून जातें. ज्या चुलींवर देवाचा महाप्रसाद शिजतो त्या चुलींत देवाचा रथ जळतो. त्या पाकशाळेची रीतही याच जातीची आहे: अन्न मातीच्या मडक्यांत शिजवावयाचें, आणि एकदां शिजविलेलें मडकें पुन्हां चुलीवर चढवावयाचें नाहीं. म्हणून कुंभारांचें चाक बारा महिने फिरत राहतें. फार काय, प्रत्यक्ष देवाच्या मूर्तीही कायमच्या नाहींत. अधिक आषाढ ज्या वर्षीं येतो त्या वर्षीं निंबाच्या काष्ठाच्या नव्या मूर्ति घडवून, जुन्यांतील ब्रह्मपदार्थ डोळे बांधून त्यांत ठेवितात, व जुन्या मूर्तींस भूमींत समाधि देतात. यास ‘नवकलेवर’ म्हणतात. सन १९१२, १९३१, १९५०, १९६९, १९७७, १९९६ व २०१५ या वर्षीं तो विधि झाला. सन १५६८ मध्यें काळापहाडाच्या स्वारींत पुरीच्या मूर्तींवर मोठें संकट आलें. तरी पुढें नव्या मूर्ति घडल्या व पूजा पुन्हां चालू झाली. घडविण्याची विद्या ज्यांच्या हातीं असते त्यांची वस्तु हिरावून घेतली तरी ते निर्धन होत नाहींत.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल कीं, मग पुरीस सर्व कांहीं सुरक्षितच आहे. तसें नाहीं. एका कलेचा धागा आमच्या देखत तुटला आहे. जगन्नाथाच्या मंदिरांत ‘महारी’ म्हणून देवदासी असत. जयदेवाचें गीतगोविंद गाणें व देवापुढें नृत्य करणें ही त्यांची सेवा. सन १४९९ च्या, राजा प्रतापरुद्र याच्या शिलालेखांत देवापुढें गीतगोविंदावांचून दुसरें कांहीं गाऊं नये अशी आज्ञा कोरलेली आहे. लक्ष्मीच्या बाजूनें दारांत बोलण्याचा मानही त्यांचाच असे. विसाव्या शतकाच्या मध्यास त्यांचें नृत्य मंदिरांत थांबलें. त्या प्रथेंत स्त्रियांचें जें परावलंबन होतें तें पाहतां, ती मोडली याबद्दल शोक करावा असें आम्हांस वाटत नाहीं. कोणाही मुलीस तिच्या संमतीवांचून देवास वाहणें हा धर्म नव्हे. परंतु प्रथेबरोबर विद्येचीही वाट काय झाली तें पाहिलें पाहिजे. महारी घराण्यांत वाढलेले पंकजचरण दास आणि रघुराजपुरांत १९२६ सालीं जन्मून मुलपणीं ‘गोटिपुअ’ म्हणून नाचलेले केलुचरण महापात्र यांसारख्या गुरूंनीं त्या नृत्याचा अंश उचलून १९५० नंतरच्या काळांत ओडिसी नृत्य उभें केलें, आणि आज तें जगाच्या रंगभूमीवर मान्यता पावलें आहे. हें मोठें कार्य झालें. पण मंदिरांतील सेवेकडे पाहिलें तर, शशिमणि ही महारी सन २०१५ मध्यें वारली, आणि पारसमणि सन २०२१ मध्यें. त्यांच्या मागून कोणी आलें नाहीं. नृत्य जगलें, पण तें ज्या घटकेस, ज्या दारापुढें, ज्या ओवाळणीच्या उजेडांत व्हावयाचें, तो त्याचा ठाव गेला.

रथाच्या सेवेपुढेंही संकटें आहेत. पहिलें अरण्याचें. फासीचें झाड रथास योग्य होण्यास अर्धें शतक लागतें. तोडण्यास एक दिवस पुरतो. मोठीं झाडें दुर्मिळ होत चाललीं हें ओळखून ओडिशा सरकारनें सन २००० च्या सुमारास जगन्नाथ-वनाच्या लागवडीचा उपक्रम हातीं घेतला. आज लावलेलें रोप ज्या रथास लागेल तो रथ लावणाराच्या नातवानें बांधावयाचा. रथ दरसाल नवा होतो असें आम्हीं वर म्हटलें. पण त्या नव्या रथास जुनें अरण्य लागतें, हें विसरून चालणार नाहीं.

दुसरें संकट खंडाचें. सन २०२० मध्यें करोनाच्या सांथीमुळें अक्षय्य तृतीयेचा विधि मंदिराच्या आंतच उरकावा लागला, आणि रथाचें काम मे महिन्यांत, सुतारांस बाहेरच्या लोकांपासून वेगळें ठेवून, सुरू झालें. रथ तयार झाले. तोंच १८ जून रोजीं सर्वोच्च न्यायालयानें यात्रेस मनाई केली. लोकांत मोठी चिंता पसरली, कारण एक वर्ष रथ न निघाल्यास पुढील बारा वर्षें तो निघूं शकत नाहीं अशी तेथें समजूत आहे. २२ जून रोजीं न्यायालयानें अटी घालून परवानगी दिली, आणि २३ जून रोजीं, गांवांत संचारबंदी असतां, एका रथास पांचशेंहून अधिक माणसें लावावयाचीं नाहींत या अटीवर, रिकाम्या रस्त्यानें रथ निघाले. त्या बारा वर्षांच्या समजुतीस शास्त्राधार कितपत आहे हा वाद बाजूस ठेवूं. पण तींत व्यवहाराचें शहाणपण पुरेपूर आहे. बारा वर्षांचा खंड पडला तर एक पिढीच्या पिढी घण-करवतीशिवाय मोठी होईल, आणि मग रथ निघावयाचा म्हटलें तरी निघणार नाहीं.

तिसरें संकट सर्वांत हळू येतें, म्हणून तें दिसत नाहीं. वर्षांतून दोनच महिन्यांच्या सेवेवर कोणाचें घर चालत नाहीं. महाराणांच्या व चित्रकारांच्या घरांतील मुलें शाळेंत जातात, शहरांत नोकरीस लागतात, आणि त्यांनीं तसें करूं नये असें म्हणण्याचा अधिकार, स्वतःच्या मुलांस वेदपाठशाळेंतून काढून इंग्रजी शाळेंत घालणाऱ्या आमच्या वर्गास तर मुळींच नाहीं. यावर उपाय एकच दिसतो: सेवेस मान आहेच, तिला पोटापुरतें वेतनही असावें, आणि मुलगा शिकून कोठेंही गेला तरी अक्षय्य तृतीयेस त्याला परत यावेंसें वाटावें. देवळाच्या पेटींत पडणाऱ्या द्रव्याचा विनियोग सोन्याच्या पत्र्यांपेक्षां या हातांवर झाला तर देवास तो अधिक आवडेल, असें आम्हांस नम्रपणें वाटतें.

पुरीचा रथ आपल्या अंगणांत येणार नाहीं. पण त्यानें शिकविलेली गोष्ट आपल्या माजघरांतही लागू आहे. शाडूचा गणपति आपण दरसाल आणतों व दरसाल विसर्जन करितों. चैत्रांतल्या गौरीची आरास मांडतों व उतरवितों. दिवाळींत मुलें मातीचा किल्ला करितात व तो पावसाळ्यापर्यंत विरून जातो. घरांतल्या म्हाताऱ्या बायका उकडीच्या मोदकास हातानें कळ्या पाडतात, आणि सुना-नातींस जवळ बसवितात. अलीकडे पुष्कळ घरांतून हें सर्व तयार विकत येऊं लागलें आहे, आणि कांहीं घरांतून एकदांच घेतलेली मखराची आरास पेटींतून काढून पुन्हां पेटींत ठेवितात. श्रम वांचतात हें खरें. परंतु ज्या वर्षीं आजी मोदक वळीत नाहीं त्या वर्षीं नातीला तो वळतां येत नाहीं, आणि पुढें तिला कोणी विचारलें तर तिच्याजवळ केवळ आठवण असते. ज्या घरांत यंदा कळ्या पाडणाऱ्या आजीबाई आहेत त्या घरांतील मुलामुलींनीं चतुर्थीच्या सकाळीं अर्धा तास तिच्याजवळ पाट मांडून बसावें. पहिले दहा मोदक फुटतील. ते फुटूं द्यावे.